म्हशींच्या हौदातले टिकल्या मासे

कसबा बावड्यात आमच्या गोठ्यासमोर म्हशींना पाणी पाजायचा एक दगडी हौद होता. लांबीला माणूस आडवा झोपेल एवढा, आणि खोली माझ्या मांडीपर्यंत. तो भरायचा म्हणजे विहिरीवरून रहाटाने बादली बादली पाणी ओढायचं, आणि हे काम आई करायची. वडील साखर कारखान्यात होते. सीझन सुरू झाला की त्यांच्या पाळ्या बदलत राहायच्या, त्यामुळे म्हशींचं सगळं आईच्या अंगावर पडायचं. दोन म्हशी होत्या. एकीला आम्ही थोरली म्हणायचो, दुसरीला धाकटी. दुसरी नावं त्यांना कुणी कधी ठेवली नाहीत.

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "म्हंजे काय शिकिवत्यात?" मी म्हटलं, "सगळ्या प्राण्यांची माहिती." ते म्हणाले, "मग म्हशीचं आईकडनं शिकून घे, बाकीचं कॉलेजात." ते गमतीने बोलले होते, पण मला ते आजही खरंच वाटतं. सरकारी सवलत होती, गावच्या शाळेतल्या बाईंनी स्वतः येऊन वडिलांना समजावलं होतं, आणि बाकी जे काही लागे ते आईने विकलेल्या दुधावर भागत होतं. या सगळ्यांचं ऋण मी मानते. पण आज लिहायचं आहे ते एका बोटभर माशाबद्दल, आणि त्याच्यामुळे आमच्या आईवर आलेल्या एका अवघड प्रसंगाबद्दल.

आईच्या दुधाचं नाव होतं. ती म्हैस घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चरवीत धार काढून किटलीतून मापाने घालायची. दुधात पाणी घालायचा प्रश्नच नव्हता. गल्लीच्या टोकाला एक जैन कुटुंब राहायचं, आणि त्या घरच्या म्हाताऱ्या आजी आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. त्या सीमेकडच्या एका कानडी बोलणाऱ्या गावातून लग्न होऊन आलेल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. अव्वांचे नेम कडक होते. दूध काढल्याबरोबर गाळून लगेच चुलीवर चढायला हवं, उशीर चालत नसे. दिवस मावळल्यावर त्या काही खात नसत. तोंडात दात उरले नव्हते, त्यामुळे संध्याकाळी वाटीभर दुधात भाकरी कुस्करून केलेला काला हेच त्यांचं जेवण. आई त्यांच्यासाठी संध्याकाळची धार मुद्दाम लवकर काढायची.

आमच्या घरी रविवारी मटण व्हायचं. पण दुधाची भांडी स्वयंपाकघरात कधी येत नसत. त्यांच्यासाठी गोठ्यात वेगळी फळी होती. त्यांना घासायची राख वेगळी, पुसायचं फडकं वेगळं. असं कर म्हणून अव्वांनी आईला कधी सांगितलं नव्हतं. आईनेच ते ठरवून घेतलं होतं. गल्लीतल्या बाकीच्या घरांना अव्वांचा शब्द पुरेसा होता. "अव्वा घेत्यात न्हवं? मग झालं की," असं म्हणून नवी नवी बिऱ्हाडं आमच्याकडे रतीब लावायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा गावात हिवताप फार झाला. मलेरियाचा माणूस सायकलवरून घरोघर यायचा, पाण्याची भांडी तपासायचा आणि भिंतीवर खडूने तारीख लिहून जायचा. त्याने आमच्या हौदात वाकून पाहिलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"मावशी, ह्यो हौद आठवड्याला रिकामा करा. घासा, वाळवा, मग भरा."

"आनि पानी कोन वडणार? तू येतोस काय?" आईने विचारलं.

"मला पुढच्या येळंला आळ्या दिसल्या तर मी तेल वतणार बगा. सांगून ठेवतो."

"तेल वतलंस तर माझ्या म्हशी काय तुझ्या घरी पानी प्यायला येऊ देत?"

तो हसला आणि तारीख लिहून निघून गेला. पण आईला काळजी लागली. गटारावर तो काळं तेल ओतायचा ते आम्ही पाहिलं होतं. त्याचा वास आठ-आठ दिवस जात नसे.

त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागली. नेमकी त्याच वेळी धाकटी व्याली. तिचा चीक आईने रतिबाच्या दुधाच्या किटलीत भरला आणि मला म्हणाली, "मामाकडं नेऊन दे. मामी खरवस चांगला करती." मामाचं गाव गगनबावड्याच्या वाटेवर, भातशेतीचं. सकाळच्या एस.टी.ने मी निघाले.

मामाच्या शेताला लागून एक ओढा होता. दिवाळीनंतरही त्यात पाणी असायचं, स्वच्छ, तळाची वाळू मोजता येईल असं. मी काठावर बसले आणि मला तो मासा दिसला. खरं तर आधी मासा दिसलाच नाही, दिसला तो ठिपका. पाण्याच्या अगदी पृष्ठभागाखाली एक चांदीचा ठिपका स्थिर उभा होता. मी हात हलवला, आणि तो ठिपका झटकन बाजूला झाला, पुन्हा थांबला. मग डोळ्यांना सवय झाली तेव्हा ठिपक्याभोवतीचा मासा दिसू लागला. पाठ चपटी, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, डोळे मोठे, आणि अंगावर उन्हात पिवळ्या-हिरव्या चमकणाऱ्या कण्यांच्या ओळी. तो चांदीचा ठिपका त्याच्या डोक्यावर, बरोबर मधोमध होता.

"टिकल्या हाय त्यो," मामा मागून म्हणाला. "खायच्या कामाचा न्हाय. काट्याला बी पुरत न्हाय."

"हा काय खातो मामा?"

"डास, माश्या, पाण्यावर जे पडंल ते. भाताच्या वावरात ह्यो आसला की पानी गप ऱ्हातंय बग, वळवळ न्हाय काय न्हाय."

माझ्या डोक्यात लगेच आमचा हौद आला. मी मामाला मलेरियाच्या माणसाची आणि तेलाची गोष्ट सांगितली. मामाने धोतराचा काचा मारला आणि मामीची पीठ चाळायची जुनी चाळण घेऊन ओढ्यात उतरला.

निघायच्या वेळी मामी किटली घासून आली. नणंदेच्या घरचं भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, म्हणून तिने नवे पोहे काढून ठेवले होते. पण मामाने पोहे माझ्या पिशवीत ओतले आणि किटली ओढ्यावर नेऊन पाण्याने भरून आणली. आत दहा-बारा टिकल्या होते, आणि वर दोन-चार पाणवनस्पती. "रिकामं न्हाय पाठिवलं," तो म्हणाला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं सगळं लक्ष माशांकडे होतं, आणि भांडं कुठलं आहे याचा मला पार विसर पडला.

एस.टी.त किटली मांडीवर घेऊन बसले. मासे उडी मारतात हे मामाने सांगितलं होतं, म्हणून झाकण थोडंसंच उघडं ठेवलं होतं. कंडक्टर आला.

"ताई, दूध हाय का किटलीत? सांडलं तर बगा."

"दूध नाही. मासे आहेत."

"आँ? दुधाच्या किटलीत मासं?" तो मागे वळून ड्रायव्हरला ओरडला, "आयला, ऐकलं का? ताईंची म्हस मासं देतीया!"

सगळी गाडी हसली. हसणाऱ्यांत आमच्या गल्लीतली एक बाईही होती, माहेराहून परत येणारी. ती स्टँडवर उतरून माझ्या पुढे झटझट निघाली, आणि मी चालत घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

आई दारातच उभी होती. तिने किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्याकडच्या बायका पुरुषांसारखंच "मी जातो, मी येतो" बोलतात. आई म्हणाली, "मी ऐकलो तवा म्हटलो, खोटं आसंल. माझी पोर शिकलेली हाय."

"आई, मामाने..."

"मामाला म्हशी न्हाईत, त्याला काय कळतंय? पन तू त्या किटलीत दूध घालताना रोज बगतीस न्हवं?"

तिने मासे हौदात ओतायला सांगितले, कारण जीव आणलेच होते तर ते मारायचे नव्हते. किटली तिने पुन्हा घासली नाही. ती गोठ्याच्या मागे नेऊन ठेवली आणि त्या संध्याकाळी अव्वांकडे जाऊन स्वतःच सगळं सांगून आली. मला म्हणाली, "दुसऱ्याच्या तोंडनं त्येंच्या कानावर जान्यापरास माझ्या तोंडनं गेलेलं बरं." दुसऱ्या दिवशी वडिलांनी शाहूपुरीतून नवी किटली आणली. अव्वांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, आणि दूध चालू राहिलं. आम्हाला वाटलं, प्रकरण मिटलं.

पुढचे काही महिने माझे त्या हौदाच्या काठावर गेले असं म्हटलं तरी चालेल. अळ्या चार दिवसांत दिसेनाशा झाल्या. मलेरियाचा माणूस आला, वाकून पाहिलं, बोट बुडवून पाहिलं, आणि म्हणाला, "मावशी, ह्यात काय घातलंसा?" आई म्हणाली, "पोरीला इचार." तो माझ्याकडे आदराने बघून गेला. मला फार बरं वाटलं.

माझ्या प्राध्यापकांनी जाड पुस्तकातून त्या माशाचं शास्त्रीय नाव शोधून दिलं. पण पुस्तकात होतं त्यापेक्षा जास्त मला हौदातच दिसलं. टिकल्या कधी तळाला जायचे नाहीत. त्यांचं सगळं जगणं वरच्या चार बोटं पाण्यात. पाण्यावर माशी पडली की तिच्या पायाने उठलेली बारीकशी लाट त्यांना कळायची आणि दोघं-तिघं एकदम धावायचे. नर रंगाने भडक, शेपटीला तांबूस कड. मादी थोडी फिकी, आणि तिच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी एक काळा डाग. नर एकमेकांना सहन करत नसत. पर ताठ करून, अंग वाकवून ते एकमेकांपुढे मिरवायचे, पण खरी मारामारी क्वचित व्हायची. आमच्या गल्लीतल्या पोरांसारखंच, आवाज जास्त.

डोक्यावरचा तो ठिपका कशासाठी, हे मात्र मला समजलं नाही. प्राध्यापक म्हणाले, त्यातून त्याला उजेड कळत असावा. मी पुढे आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि मुलांनी विचारलं की मीही "असावा" असंच म्हणते. जे नक्की माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगायला मला त्या प्राध्यापकांनी शिकवलं.

उन्हाळा लागला तेव्हा मला त्यांची अंडी सापडली. काथ्याच्या दोराचा एक तुकडा हौदात लोंबत राहिला होता. तो उचलला तर त्याच्या धाग्यांना काचेच्या मण्यांसारखे गोल कण चिकटलेले. मादी एकदम सगळी अंडी घालत नाही. रोज थोडी थोडी, एक इथे, एक तिथे, धाग्याला चिकटवून ठेवते. काही दिवसांनी त्या मण्यात दोन काळे ठिपके दिसायला लागतात. ते पिल्लाचे डोळे. अंड्याच्या आतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईला ओढत आणलं. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "आगं बया, बघतंय की!" पंधरवड्याच्या आसपास पिल्लं बाहेर पडायची. मोठे टिकल्या त्यांनाही सोडत नसत, म्हणून मी दोर काढून मातीच्या एका परातीत ठेवू लागले. डोक्यावरचा ठिपका पिल्लांनाही असतो. टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं, आणि प्रत्येकाला आपली टिकली.

गल्लीतली पोरं बघायला यायची. त्यांच्यात अव्वांचा नातूही असायचा. त्यानेच घरी जाऊन सांगितलं, "म्हशी माशांचं पाणी पित्यात. हौदात लई मासं हाईत, पिल्लं पन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वांकडून निरोप आला: घरच्यांसाठी दूध घाला. माझ्या वाटीचं मात्र थांबवा. मी येऊन बघितल्यावर काय ते सांगीन.

मी आईला समजावत होते, की म्हैस पाणी पिताना ओठ जवळजवळ मिटून घेते, बारीक फटीतून ओढून घेते, मासा आत जाऊच शकत नाही, आणि मासे तर तोंड बुडायच्या आधीच लांब पळतात. ती म्हणाली, "मला म्हाईत न्हाय व्हय? मी म्हस पाजतो रोज. पन अव्वांस्नी दाखवायला पायजे."

अव्वा संध्याकाळी काठी टेकत आल्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. आईने धावत जाऊन धुण्याचा दगड पाणी मारून पुसला.

"बसा की अव्वा."

"बसायला न्हाय आलो. बगायला आलोय." पण मग त्या बसल्याच.

आईने थोरलीला सोडून आणलं. थोरलीने हौदावर मान घातली. तिची सावली पडताच सगळे चांदीचे ठिपके एका बाजूला सरकले. ती सावकाश पाणी ओढत राहिली. मिशांवरून थेंब गळत होते. ती मान वर काढून गेली तशी एकेक टिकली पुन्हा मधे आली.

"आसं व्हय," अव्वा म्हणाल्या. "एक बी गेला न्हाय पोटात."

आईचा चेहरा सैल झाला. पण अव्वा उठल्या नाहीत. त्या हौदाकडेच बघत राहिल्या. चिलटं घोंगावत होती. एक पाण्यावर टेकलं आणि नाहीसं झालं.

"गट्टम केलं की गं!" त्या म्हणाल्या. मला वाटलं त्यांना मजा वाटली. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "म्हशीच्या पोटात काय जात न्हाय ते पटलं मला. पन ह्यांच्या पोटात जातंय त्याचं काय?"

मी म्हटलं, "ते त्यांचं अन्नच आहे अव्वा. ओढ्यातही हेच खातात."

"वड्यात खाऊ देत की. वड्यात त्यास्नी कुनी सोडलं? आपले आपन हाईत. हितं तू आणून सोडलीस. कशापायी? किडं मरावं म्हणून. ते पानी म्हस पिती, त्याचं दूध माझ्या वाटीत येतंय."

"तेल ओतलं असतं तर सगळंच मेलं असतं, अव्वा."

"तेल न्हाय वतलंस ते बरंच केलंस." अव्वा म्हणाल्या. "हिवतापानं पोरं फनफनत्यात, ते मला दिसत न्हाय व्हय? माझा नातूच तीन दिस अंथरुनात हुता. तुझं शिकशान काय खोटं न्हाय."

"मग मी मासे परत ओढ्यात सोडू का?"

"आनि तिथं काय खातील? भात-वरन? आनि हितं त्यो तेलवाला यील." त्या हसल्या. दात नसलेलं ते हसू फार गोड होतं, पण त्या बोलल्या ते कठीण होतं. "घरात पोरांस्नी दूध चालू दे. गल्लीत कुनी इचारलं तर दूध चांगलं हाय म्हणूनच सांगीन. माझी वाटी तेवढी बंद. माझा नेम हाय तो. राग न्हाय बग तुमच्यावर."

आई म्हणाली, "अव्वा, मग सांच्याला खानार काय तुमी?"

"भाकरी हाय की."

"दात कुठं हाईत?"

"पान्यात भिजवायची. इतकी वर्सं दूध पिलो, आता पानी." आणि काठी टेकत त्या गेल्या.

गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. गल्लीत एकाही घराने रतीब बंद केला नाही. हिशोबाने बघितलं तर आमचं वाटीभर दूधच कमी गेलं. वडील म्हणाले, "झालं की, कशाला तोंड पाडतीस?" पण आई त्या रात्री जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिली. "म्हातारी पान्यात भाकरी बुडिवती," एवढंच म्हणाली. अव्वांनी राग धरला असता तर ती भांडली असती. भांडायला ती चांगली होती. पण अव्वांनी तिला कुठलाही दोष दिला नव्हता, त्यामुळे भांडायची सोयच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर थोरली तिच्या नेहमीच्या खुंटीला नव्हती. आईने तिला विहिरीच्या बाजूला नवी खुंटी ठोकून बांधलं होतं. पुढ्यात आमचं आंघोळीचं तांब्याचं घंगाळ, त्याच्यावर जुन्या लुगड्याचा चौपदरी तुकडा. आई बादली ओढायची, त्या फडक्यातून गाळायची आणि घंगाळ भरायची. थोरली एका दमात ते संपवून पुन्हा मान वर करून बघायची. म्हैस किती पाणी पिते हे हौदावर कधी कळत नाही, घंगाळावर कळतं. शेवटी आई ते फडकं बादलीत उलटं करून, वरून स्वच्छ पाणी घालून झटकायची आणि बादली हलक्या हाताने विहिरीत खाली सोडायची, पाण्याला टेकेपर्यंत. पाणी गाळून फडक्यात जे जीव उरतात ते जिथून आणले तिथेच परत सोडायचे, ही अव्वांच्या घरची रीत. आईने ती वर्षानुवर्षं त्यांच्या परसात उभं राहून पाहिली होती.

वडील पाळीवरून आले आणि बघतच राहिले. "म्हशीला सोवळं पाळायला लावलंस की."

"तुमी आंगूळ हिरीवर करा आठ दिस. घंगाळ थोरलीचं हाय," आई म्हणाली.

"आनि आठ दिस कशाला?"

"आधीचं पानी आंगातनं निगून जायला नगो व्हय?"

हे शास्त्रात कुठे बसतं ते मी विचारलं नाही. थोरलीला हे मुळीच पसंत नव्हतं. तिला तिचा हौद हवा होता. दावं तोडून ती एकदा हौदाकडे पळालीही, आणि आईने तिला शेपटीला धरून, शिव्या घालत परत आणलं. "सटवे, चार दिस कळ काढ की! आता पयल्यापास्नं मोजाय लागलं बग!" आणि खरंच तिने पुन्हा पहिल्यापासून आठ दिवस धरले. धाकटी मात्र हौदावरच पाणी पीत राहिली. टिकल्याही तिथेच राहिले, आणि मलेरियाचा माणूस तारीख लिहून जात राहिला. रविवारी मी रहाट ओढायची. तेवढ्यानेच माझ्या तळहाताला फोड आले. आईच्या हाताला फोड येण्याची वेळ कधीच निघून गेली होती.

आठवं संध्याकाळचं पाणी झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने थोरलीला पोटावरून पाणी मारून धुतलं आणि दिवस पुरता कलायच्या आत तिला अव्वांच्या दारात नेऊन उभं केलं. मी मागे चरवी घेऊन होते. अव्वा ओट्यावर आल्या.

"काय गं? वाटी बंद हाय म्हटलंवतं न्हवं?"

"ह्या म्हशीनं हौदाचं पानी तोंडाला लावलेलं न्हाय, अव्वा. आठ दिस झालं. हिरीचं वडून, गाळून पाजतो. ह्याच्या फुडं बी तसंच."

अव्वांनी विचारलं, "आनि गाळून उरतंय ते?"

"परत हिरीत."

"वरनं फेकतीस?"

"न्हाय. बादली खाली पान्याला लावून सोडतो."

अव्वा माझ्याकडे वळल्या. "खरं काय, कॉलेजवाली?"

"खरं, अव्वा. मी पण सोडली आहे."

त्या आत वळून बघत ओरडल्या, "आगं, माझी वाटी आन. आनि चुलीवर भांडं ठेव." मग आईला म्हणाल्या, "काड धार. दिवस न्हाय ऱ्हायलेला."

आईने बसून धार काढली. सून दूध गाळून आत घेऊन गेली, तापवून वाटीत घेऊन आली. अव्वांनी ओट्यावरच बसून भाकरी कुस्करली, फुंकर घातली, आणि सावकाश खायला लागल्या. दूध काढून झालं होतं, आम्हाला अजून तीन घरं करायची होती, पण आई दावं हातात धरून तशीच उभी राहिली. थोरलीने तिथेच शेपूट वर केली.

"आगं, दारात शेन पडलं बग," अव्वा घास गिळून म्हणाल्या.

"पडू दे की अव्वा," आई म्हणाली. "तुमी खावा."